पंखा सैल होईपर्यंत

"मूर्खा, हीटर विमानाला लाव! गार इंजिन चालू केलंस तर जाम होईल, मग दोघंही इथेच मरू," तंबूत आजारी पडलेले उस्ताद धापा टाकत खेकसले.

बर्फातल्या त्या छावणीत हीटर एकच होता. सदानंदने स्वतःचा कोट उस्तादांवर घातला आणि हीटर बाहेर नेला. विमानाचा पंखा हाताने ढकलून पाहिला. तो थंडगार आणि ताठ होता, तसूभर हलेना.

इंजिनाला ऊब देताना एकदा आत जाऊन यावं, असं सारखं वाटत होतं. पण पेटत्या हीटरपाशी विमान एकटं सोडायचं नाही, एक ठिणगी पुरते, हेही उस्तादांनीच शिकवलेलं.

दुपारी पंखा अलगद फिरला.

"उस्ताद, निघू या!" सदानंद तंबूत धावला. उठवायला त्यांचा हात धरला.

हात सकाळच्या पंख्यासारखा लागला.