खाटेवरचे रुग्ण

नवा विषाणू शंभरातल्या किती जणांना नेतो, हे काढायचं काम आमच्या खात्यातल्या आकडेतज्ज्ञाकडे होतं. बरे होऊन घरी गेलेले आणि दगावलेले, एवढेच तो मोजायचा. खाटेवरचे रुग्ण हिशेबात घ्यायचाच नाही.

आकडा भलताच मोठा यायचा. साहेब वैतागले. "अहो, लोक धास्तावतील! खाटेवरचे जिवंतच आहेत ना? मग धरा की त्यांना वाचलेल्यांत!"

"त्यांचं अजून काही ठरलेलं नाही, साहेब. जे ठरलं नाही, ते मी धरत नाही." गडी तसूभर हलला नाही.

संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला. "सूनबाईला ऑक्सिजन लावलाय म्हणे. डॉक्टर काही सांगतात का रे?"



"तू तिला वाचलेल्यांत धर, आई."