घरी आणायचं कलम

शहात्तरच्या पावसाळ्यात आखातात मजूर पाठवणारा एजंट नव्या पोरांच्या सह्या घ्यायला गावात आला आणि नजमुन्निसाच्याच दारापुढं घसरून मांडीचं हाड मोडून बसला. पक्की सडक दोन कोस लांब. त्याला उचलून न्यायला चौघे बाज आणायला तिच्या अंगणात धावले, तर बाजेवर तीच बसलेली. "खाला, ऊठ ना! मले दवाखान्यात नेऊ दे," तो विव्हळला. तिनं बटव्यातून लेकाचा करार काढला. जहांगीर कुवेतला परांचीवरून पडला, दोन महिने घरासाठी झुरत तिथंच मेला, तेव्हा हाच म्हणाला होता, "विम्यात इलाज बसते, घरी आननं नाही बसत." "यावर लिही," ती म्हणाली, "बिमार मानसाले घरी आनू." त्यानं कण्हत लिहिलं, सहीही ठोकली. "झालं? ऊठ वं माय!" तिनं कागदाची घडी केली. "मंग आन माह्या जहांगीरले," म्हणत ती बाजेवर आडवी झाली.