विधान दोन

"अडतिसाव्याचं उत्तर 'ग' दिलंय. बरोबर आहे ना, बाई?" मुद्रितशोधकाने चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

तिने कागद ओढून घेतला. एका इसमाने काही रक्कम आठ टक्क्यांनी आणि उरलेली बारा टक्क्यांनी गुंतवली. वर्षाअखेर त्याला एकूण रकमेवर किती टक्के परतावा मिळाला? विधान १ : आठ टक्क्यांच्या योजनेतून आठशे रुपये व्याज आले. विधान २ : बारा टक्क्यांच्या योजनेतून अठराशे रुपये आले.

"एकट्या पहिल्याने भागत नाही, एकट्या दुसऱ्यानेही नाही. दोन्ही मिळून पुरेशी. 'ग'च."

"आणि परतावा किती?"

"तो काढायचा नसतो. निश्चित उत्तर मिळतं की नाही, एवढंच सांगायचं. पण तुमचा जीव टांगणीला नको. दहा पूर्णांक चार दशांश टक्के."

मुद्रितशोधकाने खूण केली. दहा पूर्णांक चार ऐकून त्याला बरं वाटलेलं दिसलं. माणसाला माहितीपेक्षा उत्तर बरं वाटतं.

या प्रकारच्या गणितांवर ती आणि तिचा नवरा एकोणीस वर्षं परीक्षांची पुस्तकं लिहीत आले होते. छापखान्यात त्याला टक्केमास्तर म्हणत. कामाची वाटणी ठरलेली होती. रात्री तो प्रश्न आणि विधान एक लिहायचा, कागद फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाखाली लावायचा आणि झोपायचा. सकाळी शाळेत शिकवायला निघताना ती खाली विधान दोन लिहायची, असं की उत्तर निश्चित यावं. लोक भाजी निवडायला एकत्र बसतात. हे दोघं त्या इसमाचे पैसे गुंतवायला बसत, तेही वेगवेगळ्या वेळी. मास्तर मधूनच चावटपणा करायचा. 'इसमाच्या मेव्हण्याने नेलेली शिडी किती टक्के परत येईल?' असला प्रश्न दिसला की तीही खाली तसलंच चावट विधान दोन ठोकून द्यायची. पक्की प्रत करताना असले प्रश्न गळायचे.

अकरा महिन्यांपूर्वी तो नव्या पुस्तकाच्या कागदांचा गठ्ठा काखेत मारून छापखान्यात गेला. गठ्ठा दिला, जिना उतरला आणि गेला तो गेलाच. पोलिसांच्या वहीत तो 'बेपत्ता' झाला. तिसऱ्या दिवशी बँकेतून कळलं की दोघांची सगळी पुंजी त्याने चोवीस टक्के देणाऱ्या कुठल्याशा योजनेत घातली होती. शंभराला अकरा उरले होते.

"गेले तर गेले पैसे!" ती भेटेल त्याला म्हणायची. "एका शब्दाने बोलला असता, तर मी काय खाल्लं असतं त्याला?"

"निदान चिठ्ठी तरी लिहावी माणसाने," थोरली नणंद डोळे पुसत म्हणायची. "आयुष्यभर कागद काळे केले मेल्याने!"

चिठ्ठी नव्हती. तिने कपाटं उपसली, कोटांचे खिसे उलटे केले. पैशांचं दुःख सहा महिन्यांत बोथट झालं. चिठ्ठीचं होईना. एकोणीस वर्षांत या माणसाला आपल्याशी बोलावंसं वाटू नये, हे तिच्या उरात रुतून बसलं होतं. फ्रिजवरचा लोहचुंबक अजून तिथेच होता, काहीही न धरता. आणि रोज संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, त्याच्या घरी यायच्या वेळेला, लिफ्ट आपण होऊन त्यांच्या मजल्यावर यायची, दार उघडायची, थोडी थांबायची आणि रिकामी खाली जायची. दुरुस्तीवाला म्हणाला, वायरिंगचा दोष आहे. तिने दुरुस्तीची वर्गणी दिली नाही.

"आता हा शेवटचा, चाळिसावा," मुद्रितशोधक घसा खाकरत म्हणाला. "तो मला काही गणितासारखा वाटेना. म्हणून मूळ कागदच घेऊन आलो. पुस्तक रखडलं होतं ना, गठ्ठा आमच्या कपाटातच पडून होता."

"त्या दिवशीचा गठ्ठा?"

"तोच. सर बसलेसुद्धा नाहीत. उभ्या उभ्या पाणी प्यायले. मी म्हटलं, झालं का सगळं? तर म्हणाले, 'झालं. शेवटचाही सुटला आज सकाळी.'"

तिने कागद पुढ्यात घेतला. पहिलं विधान जोखताना दुसरं दिसू नये, म्हणून सवयीने त्यावर तळहात ठेवला. वर मास्तराचं ठसठशीत अक्षर होतं.

एका इसमाने दोघांची पुंजी बायकोला न सांगता गुंतवली. तो तिला तोंड दाखवू शकेल का?

विधान १ : परतावा उणे एकोणनव्वद टक्के.

तिने ते दोनदा वाचलं. शंभरातून एकोणनव्वद वजा केले. मग तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. सांगितलं होतं! आपल्या रीतीने, आपल्या जागी, फ्रिजच्या दारावर टांगून विचारलं होतं त्याने. नणंदेला आत्ताच्या आत्ता फोन करावा असं तिला वाटलं.

"बोलला होता हो तो," ती मुद्रितशोधकाला म्हणाली. "बोलला होता माझ्याशी."

"हो, पण दुसरं विधान आणि उत्तर तुमच्या अक्षरात आहे," तो चाचरत म्हणाला. "म्हणून म्हटलं, छापायच्या आधी तुम्हालाच विचारावं."

तिला काही आठवेना. शाळेची गडबड असेल, एक पाय चपलेत असेल. असे हजार कागद तिने लिहिले होते. तिने तळहात उचलला.

विधान २ : इसमाच्या बायकोने आजवर कोणालाही अर्धा गुण वाढवून दिलेला नाही.

उत्तर : ग. दोन्ही विधाने मिळून पुरेशी. निश्चित उत्तर : नाही.