भिंगाखालची हळद

"आता सांगते ते तुमाला कुणाला खरं वाटायचं न्हाई," अपेक्षा म्हणाली आणि हळकुंडांच्या ढिगाशी फतकल मारून बसली.

सांगलीच्या त्या वखारीत हळद निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. गेल्या वर्षी याच बायका तिच्या दारात जमल्या होत्या. ती पाटावर बसली होती आणि कोरेगावहून नवऱ्या मुलाची उष्टी हळद यायची होती. हळद आली नाही. कृष्णातचा फोन आला. दिवसभर भिंगात डोळा घालून बसणारी बायको त्याला नको होती. दोघं गुजरातेत कॉम्प्युटरच्या चिपच्या एकाच कारखान्यात कामाला. तो पाळीचा साहेब, ती मायक्रोस्कोपवर. तेव्हापासून ती सुट्टीवर आली की या बायका तिच्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलायच्या. ते आज तिला मोडायचं होतं.

मग तिनं रंगवून सांगायला घेतलं. कारखान्यात आत जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडाला फडकं, हातात मोजे. पावडर नाही, काजळ नाही, कुंकू नाही. धुळीचा एक कण शिरला तरी माल नासतो. नाक खाजलं तर काय करता, असं सुलाबाईनं विचारलं. खाजू द्यायचं, अपेक्षा म्हणाली.

तर दुसरीशी लग्न करून कृष्णात कामावर परतला आणि त्याच्या पाळीतल्या चिपच्या चकत्या नासायला लागल्या. इंजिनियर डोकं धरून बसले. अपेक्षानं एक चकती भिंगाखाली घेतली, वरून निळा उजेड सोडला, तर काळ्या रानात मेंढ्याएवढा दिसणारा पिवळाधमक कण उभा.

"शिंगांसकट?" सुलाबाई म्हणाली.

"शिंगं तेवढी नव्हती," अपेक्षा म्हणाली.

सांगलीच्या पोरीला हळद ओळखायला कुणी शिकवायला लागत नाही. तिनं तो कण मोठ्या पडद्यावर लावला. वरच्या साहेबांनी विचारलं, नुकतंच लग्न कुणाचं झालंय? सगळ्यांच्या माना कृष्णातकडे वळल्या. त्यानं आईच्या शपथा घेतल्या, नखं दाखवली, मनगटं दाखवली. कुणी ऐकलं नाही. त्याच दिवशी त्याला गेटबाहेर काढलं. बाहेर उन्हात उभा राहून तो लहान पोरासारखा रडला, आणि ते तिनं काचेतून पोटभर पाहिलं. हे सांगताना तिनं ओठांवरून जीभ फिरवली.

वखारीत हशा पिकला. चुलती चंद्राबाईनं कानशिलावर काडकाड बोटं मोडली. "बरी जिरवलीस. उष्टी हळद धाडाय हात जड झाला हुता न्हवं, हळदीनंच खाल्ला त्येला."

आता कुणी हळू बोलत नव्हतं. अपेक्षाला वर्षभरानं मोकळा श्वास आला.

एकट्या झुबेदाचाचीचे हात चालू होते. तिचं माहेर कोरेगावचं. तिनं एक हळकुंड बोटांत फिरवून पाहिलं, टोपलीत टाकलं, आणि मान वर न करता बोलली.

"बाकी समदं खरं असंल, पोरी. पर त्या लग्नाला माझा भाऊ साक्षीदार हुता. कृष्णातनं रजिस्टर लगीन केलं, त्येला हळद लागलीच न्हाई. मग ती तिथं नेली कुणी?"