विचारपूस

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा पहिल्यांदाच तिच्या कामाची विचारपूस करू लागला. ड्यूटीवरून आली की तिचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन चोळायचा. "गळ्यातल्या कार्डावरून तुम्ही कुठे आहात ते वरच्यांना कळतं ना? मग पाठ कधी टेकता गं?"

ती हसून सगळं सांगायची. कार्ड औषधांच्या ट्रॉलीला अडकवायचं, दुसरी नर्स ट्रॉली फिरवत राहते आणि आपण चादरींच्या खोलीत घटकाभर आडवं व्हायचं.

पुढच्या महिन्यात हॉस्पिटलने कार्डं काढून घेतली आणि सगळ्या नर्सच्या मनगटांवर पट्टे बांधले. पट्टा काढला, की हेडनर्सच्या फोनवर लाल खूण. चादरींच्या खोलीत जरा रेंगाळलं, तरी लाल खूण.

"आपल्यातलीच कुणीतरी फितूर झालीय," मैत्रीण दातओठ खात म्हणाली.

तिने मान खाली घातली. पट्ट्याच्या बकलावर नवऱ्याच्या कंपनीचं नाव होतं.

घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं, "ते पट्टे तुझे?"

तो जरा ओशाळला. मग समजूत घालावी तसा म्हणाला, "अगं, पण तुझं नाव कुठेही येऊ दिलं नाही मी."