मिटल्या डोळ्यांची सभा

"मोजणारी तूच ना?" सुताची लडी पिळता पिळता नवऱ्याने विचारलं.

"मीच."

"मग झालं तर." त्याने लडी दोरीवर टाकली. निळं पाणी थेंब थेंब मातीत मुरत गेलं.

ताईने कढईखालचं लाकूड आत सारलं. परसात चुलाणं होतं, रंगाच्या कढया होत्या, दोऱ्यांवर ओलं सूत झुलत होतं. निळ्यापाशी पिवळं, पिवळ्यापाशी लाल. या एवढ्याशा जागेवर घर चालत होतं. आणि या जागेतून नाला काढायचा की नाही, ते आज संध्याकाळी वस्ती ठरवणार होती.

"ऐकतेयस ना? मी काही वेडंवाकडं कर म्हणत नाही," नवरा म्हणाला. "फक्त घरात माणसं आहेत एवढं ध्यानात ठेव."

खालच्या आळीत दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी शिरायचं. भांडी तरंगायची, लेकरं कॉटवर बसून रात्र काढायची. नाला हवा, याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. पण वाटा दोनच होत्या. एक ताईच्या परसातून, दुसरी सायकलवाल्याच्या दुकानातून. पालिकेच्या इंजिनीअर बाई दोन्हीकडे फीत लावून गेल्या होत्या. "उतार सारखाच आहे. तुम्हीच ठरवा," त्या म्हणाल्या होत्या. "आज ठरलं नाही, तर काम दुसऱ्या प्रभागात जाईल."

ताई वस्ती समितीची अध्यक्ष. डोळे मिटून मत द्यायची रीत तिनेच आणलेली. पूर्वी उघड हात वर व्हायचे, आणि मग भिंतीला भिंत लागून असलेली माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलायची नाहीत. तेव्हापासून सगळ्यांनी डोळे मिटायचे. अध्यक्षाने तेवढे उघडे ठेवायचे, मोजायचं, आकडा पोटात ठेवायचा आणि निकाल तेवढा सांगायचा.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. पोरांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. सायकलवाला उशिरा आला. हाताला ग्रीस तसंच होतं.

"वा! ज्याचं घर पणाला लागलंय, तराजू त्याच्याच हातात!"

"दादा, हवा जास्त झालीय," मागून कोणीतरी म्हणालं. "जरा सोडा, नाहीतर फुटाल."

हॉल हसला. सायकलवाला हसला नाही.

इंजिनीअर बाई पुढे झाल्या. "हवं तर मी मोजते."

"मोजा ना," ताई घाईघाईने म्हणाली. खुर्चीतून अर्धी उठलीसुद्धा.

"नको." सायकलवाल्याने हात आडवा केला. "बाई, तुम्ही उद्या निघून जाल. आम्हाला इथंच एकमेकांची तोंडं बघायचीत. तिलाच मोजू दे. मलाही कळू दे, ताईचं माप किती भरतं ते."

ताई पुन्हा बसली. शेवटच्या बाकावर नवरा होता. त्याने मान किंचित हलवली. एरवी ती जेवण वाढत असताना "पुरे" म्हणून हलवायचा, तशीच.

"मिटा डोळे," ताई म्हणाली.

 पंखा तेवढा फिरत राहिला.

"नाला दुकानातून जावा, असं वाटतं त्यांनी हात वर करा."

कापडांची सळसळ झाली. कुठेतरी बांगडी वाजली. एक बाक करकरलं.

"हात खाली. आता, परसातून जावा, असं वाटतं त्यांनी."

कोणीतरी खोकलं. बाहेरून एक हातगाडी खडखडत गेली आणि तिचा आवाज दूर दूर विरत गेला.  ताईचे हात मांडीवर होते, नखांच्या कडांना जन्माचा निळा रंग.

"हात खाली. उघडा डोळे."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"नाला माझ्या परसातून जाईल."

 बायका पदराची टोकं चाचपत बसल्या. म्हातारे पंख्याकडे बघू लागले. नवरा उठला आणि चपला हातात घेऊन तसाच बाहेर पडला. इंजिनीअर बाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, तेव्हा इतरांनीही वाजवल्या. पण त्या टाळ्यांना तालच नव्हता. कढईत कोसळणाऱ्या पावसासारख्या त्या कशाही पडल्या आणि थांबल्या.

हॉल भराभर रिकामा झाला. जाताना कोणी ताईशी बोललं नाही. खालच्या आळीतल्या एका म्हातारीने तेवढा तिच्या गालावरून हात फिरवला आणि ती निघून गेली.

सायकलवाला मागे राहिला. ताई बाकं भिंतीला लावत होती. त्याने दुसरं टोक धरलं.

"सुटलात दादा," ताई म्हणाली. "आता तरी सरळ बोलाल ना माझ्याशी?"

"मी डोळे उघडे ठेवले होते."

"वाटलंच मला."

"माझा आणि बायकोचा सोडला, तर सगळे हात दुकानावर उठले, ताई. पहिला माझ्या सख्ख्या मेव्हण्याचा!"

ताईच्या हातातलं बाक थांबलं. "मग तिथंच का नाही ओरडलात, की ही खोटं बोलतेय म्हणून?"

"खोटं बोलायला आधी बघावं लागतं." त्याने बाक खाली ठेवलं. "तू मोजलंसच कुठं? तुझे डोळे मिटलेले होते."

ताई खिडकीकडे वळली. बाहेर रस्त्यावर माणसं घोळक्याने चालली होती, हळू, खाली मान घालून.

"कोणाचा हात कोणावर उठतो, ते एकदा दिसलं की दिसतच राहतं," ती म्हणाली. "दादा, एवढं करा. वस्तीत कोणाला सांगू नका."

"सांगू कोणाला?" सायकलवाला म्हणाला. "अख्ख्या हॉलमध्ये डोळे मिटलेली तू एकटीच होतीस."