अमेरिकेचा कौल

"बा देवा म्हाराजा, अमेरिकेचो अध्यक्ष कोण होतलो, ता आज सांग!" गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि गावकरी एका सुरात ओरडले, "होय म्हाराजा!"

मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवली होती. उजवी पडली तर परदेशी लोकांना परत धाडणारा जिंकणार, डावी पडली तर दुसरा. अमेरिकेत नोकरीला असलेल्या मुलापायी जयवंत राण्यांचा जीव टांगणीला लागला होता. पण तास उलटला तरी एकही पाकळी हलेना.

"देवाची हद्द गावच्या व्हाळाच्या काठापर्यंत," गुरव घाम पुसत म्हणाला. "अमेरिकेतला तेका काय कळतला? गावातला कायतरी इचारा."

राण्यांनी डोकं लढवलं. "मगे इचार, माझो झील गावात परत येतलो काय?"

उजवी पाकळी, म्हणजे होकाराची, टपकन पडली.

राणे मटकन खाली बसले. "म्हणजे परत धाडणारोच जिंकतलो!" आपल्या देवाने अमेरिकेचा निकाल फोडला म्हणून देवळाबाहेर फटाक्यांची माळ लागली.

राण्यांची बायको तेवढी पदर खोचून उठली. "कोणय जिंकांदे," ती म्हणाली, "मी झिलाची खोली झाडूक जातंय."